तुझी आई पबमध्ये आली

प्रज्ञा, आधीच सांगते, ओरडू नकोस. काल तुझ्या आईला मी आपल्या त्या जुन्या पबमध्ये घेऊन गेले. घेऊन गेले असं तरी कसं म्हणू? त्याच मला घेऊन गेल्या. मी आपली पुढे काय काय बिघडेल याचा विचार करत मागून चालत होते. तुझ्याबरोबर असतानाही मी तेच करायचे आणि तू मला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचीस. सरकार अजून तेच आहे, फक्त विरोधी पक्ष उरला नाही.

सगळे तुझ्याबद्दल लिहितायत. तुझ्या लॅबमधल्यांनी लिहिलं, आपल्या मराठी ग्रुपवर लिहिलं. हुशार, मनमिळाऊ, सदा हसतमुख. हसतमुख! निम्मा वेळ तू माझ्याशी भांडत असायचीस आणि उरलेला निम्मा वेळ ते भांडण कसं जिंकलीस ते सांगत असायचीस. मला तुझा राग आलाय. रडायला बसले की आधी रागच येतो. डोकं दुखतंय म्हणून ऑफिसात टेबलावर मान टेकलीस आणि परत उचलली नाहीस, यावर मी तुला काही बोलू शकत नाही. पण आईला ती एक गोष्ट सांगायचं काम तू माझ्यावर टाकून गेलीस, त्यावर बोलणार. ते तू स्वतः करणार होतीस.

काकू आमच्याकडेच उतरल्यात, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या आणि कशासाठी बसल्या बघ. मला वाटलं होतं त्या कोसळतील. मी डॉक्टरचा नंबर काढून ठेवला होता, शेजारच्या मलय बाईंना सांगून ठेवलं होतं, साखर-मीठ-पाणी तयार ठेवलं होतं. त्या आल्या, आंघोळ केली, पांढरं पातळ नेसल्या आणि मला म्हणाल्या, "तू जेवली काय?" रोज पहाटे हॉलमध्ये त्रिसरण-पंचशील म्हणतात. आवाज अगदी तुझा. आमची ईरा दारात उभी राहून ऐकते. परवा मला हळूच म्हणाली, "मम्मा, आजी व्हाय नेव्हर क्राय, आह?" मी तिला म्हटलं, शाळेची बॅग भर.

पाचवं शील आलं की मी स्वयंपाकघरात निघून जायचे. मद्यापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा त्या इतक्या ठणठणीत म्हणतात की वाटतं पलीकडच्या ब्लॉकमधले लोकही आजपासून सोडतील. अकोल्याच्या तुमच्या वस्तीत बायकांना घेऊन भट्ट्या फोडणारी बाई ती. तू मला ते इतक्यांदा सांगितलंस. कमरेला पदर खोचून पुढे आई, मागे बायका, आणि गटारातून वाहणारी दारू. सांगताना तुझी मान ताठ व्हायची. आणि हे सगळं तू मला पबमध्ये बसून सांगायचीस, समोर काळ्या बिअरचा ग्लास ठेवून.

मी कितीदा म्हटलं, अगं आईला सांगून टाक की तू घेतेस. तुझं ठरलेलं उत्तर, "फोनवर नाही. तिला इथे आणीन, समोर बसवीन आणि मग सांगीन." मी विचारायचे, "आणि उठून गेल्या तर?" तू म्हणायचीस, "मग तू आहेस ना, टॅक्सीत बसवून दे." यावर दोघी हसायचो. मला तेव्हाही फारसं हसू येत नव्हतं, पण तू हसलीस की माझाही नाइलाज व्हायचा.

तू गेल्यापासून पाच दिवस मी टाळलं. सहाव्या दिवशी काकूंनीच विषय काढला. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मले थे फरशीवालं हॉटेल दाखव."

मी समजून न समजल्यासारखं केलं. "कुठलं हॉटेल, काकू?"

"जिथून थे दर शनिवारी फोन करे. हिरवी फुलं हायेत फरशीवर. मोठा आरसा हाये. पंखा हाये हळूहळू फिरणारा."

प्रज्ञा, तुला आठवतं का, आपण काय नाटक करायचो? तुझा व्हिडिओ कॉल लागायच्या आधी मी तुझा ग्लास उचलून माझ्या बाजूला ओढायचे आणि लिंबूपाणी तुझ्यासमोर सरकवायचे. तू फोन फिरवून आईला फरशी दाखवायचीस. आई, ही बघ, शंभर वर्षांची असेल, एकही तुकडा बदललेला नाही. आई, हा आरसा बघ, सोनेरी अक्षरं पुसत चाललीत तरी मालकीण लिम आंटी त्याला हात लावू देत नाही. ही बर्फाची लाकडी पेटी, फ्रिज आला तरी जागची हलली नाही. हे काउंटर बघ, सागवानी आहे, लोकांच्या कोपरांनी कड गोल झालीय. काकू तिकडून म्हणायच्या, "साफ ठेवते बाप्पा, थे बाई." आणि मी ग्लासवर हात धरून बसलेली, फेस दिसू नये म्हणून.

तर आता त्यांना ते हॉटेल बघायचं होतं. मी काय काय कारणं काढली! पाऊस येईल म्हटलं. तुमचे गुडघे दुखतील म्हटलं. त्यापेक्षा पुलाउ उबीन बेटावर जाऊ, छोट्या बोटीतून जायचं, जुनी गावातली घरं आहेत तिथे, असंही म्हटलं. काकूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "जुनी घरं पाह्याले मी इथं आली काय?" मी कप विसळायला घेतला.

शिवाय दुसरी एक भानगड होती, ती त्यांना माहीत नव्हती. तू गेल्याचं सांगायला मी लिम आंटीकडे गेले होते, तेव्हा ती बराच वेळ काउंटर पुसत राहिली. मग म्हणाली, सातव्या दिवशी तुझा ग्लास मांडणार. त्यांच्यात तशी समजूत आहे, सातव्या दिवशी गेलेलं माणूस आपल्या जागी परत येऊन जातं. तिच्या सासऱ्यांच्या काळापासून, रोजच्या बसण्यातलं कुणी गेलं की सातव्या दिवशी त्याच्या खुर्चीसमोर त्याचं नेहमीचं पेय ठेवतात आणि संध्याकाळची गर्दी होईपर्यंत ते टेबल कुणाला देत नाहीत. हे ऐकून तेव्हा मला भरून आलं होतं. आणि आता काकूंना जायचं होतं नेमकं सातव्या दिवशी. त्याच्या दुसऱ्या दिवशीचं त्यांचं परतीचं विमान होतं. दुसरा दिवसच नव्हता.

मी बाल्कनीत जाऊन आंटीला फोन लावला. म्हटलं, आंटी, कोला ठेवाल का त्या ग्लासात? रंग तोच असतो. वरून बघणाऱ्याला काय कळणार? तिची आई येतेय, तिला हे चालत नाही. आंटीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सेव्हन्थ डे, कॅनॉट ब्लफ, लाह. शी कम, शी सी राँग ड्रिंक, शी स्कोल्ड मी."

म्हणजे आंटीला तुझी भीती, मला तुझ्या आईची. मधल्या मध्ये मी. रात्रभर डोळ्यासमोर एकच चित्र. काकू तो ग्लास उचलतात आणि जमिनीवर आपटतात, त्या हिरव्या फुलांवर. एक तुकडाही न बदललेल्या फरशीवर. आंटी किंचाळते. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करतं. नवऱ्याला उठवलं तर म्हणाला, "अगं त्या नुसत्या बघून परत येतील." पुरुषांना झोप कशी लागते मला कळत नाही.

एमआरटी मेट्रोत काकू खिडकीतून बघत होत्या. बुओना व्हिस्टा स्टेशन आलं तेव्हा मी बोट दाखवून म्हटलं, इथे तिचं ऑफिस होतं. त्यांनी मान वळवून बघितलं, दारं बंद होईपर्यंत बघत राहिल्या. मग विचारलं, "एकटीच जात-येत होती?" मी म्हटलं, हो, कामाला एकटीच. शनिवारी मी असायचे. त्यांनी माझा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. मला घाम फुटलेला होता, तो त्यांना कळला असणार.

खाली दुकान, वर घर अशा त्या जुन्या शॉपहाउसच्या रांगेत आपण जिथे नेहमी थांबायचो, तिथे मीही थांबले. तिथे उभं राहून आपलं कितीदा वाजलंय! मी एकदा म्हटलं होतं की हा पब म्हणजे म्युझियम झालंय, जुनेपणा विकायला ठेवलाय. तू म्हणालीस, म्युझियममध्ये कोपर टेकू देतात का? मग चालता चालता एकदम म्हणालीस, "तुझ्या आजोबांचं घर तुम्ही पाडून बिल्डरला दिलंत. तुमच्याकडे जपण्यासारखं होतं, तुम्हाला नको होतं. आमच्या वस्तीतलं काही जपावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आमच्याही नाही. म्हणून मी दुसऱ्याचं जपलेलं बघायला येते." मी त्यावर काहीतरी गुळमुळीत बोलले. घरी आल्यावर मला नीट उत्तर सुचलं, पण तू दुसऱ्या विषयावर होतीस. ते उत्तर अजून माझ्याकडेच आहे. आता ते तितकंसं चांगलंही वाटत नाही.

आंटीने नुकतंच उघडलं होतं. अर्ध्या उंचीची ती झुलती दारं ढकलून काकू आत गेल्या, चपला काढाव्यात का अशा विचारात क्षणभर थांबल्या, आणि खाली वाकून त्यांनी फरशीला हात लावला. "हेच," म्हणाल्या. मग आरसा बघितला. मग पंखा. अनोळखी गावात ओळखीची माणसं भेटावीत तसा त्यांचा चेहरा झाला. मी विचार केला, बरं चाललंय. आता इथूनच वळवावं, म्हणावं, चला काकू, उशीर होतोय.

तेवढ्यात त्यांना काउंटरमागच्या बाटल्या दिसल्या. एका ओळीत, तुझ्या फोनमध्ये कधीच न आलेल्या. त्या बघत राहिल्या. माझ्याकडे वळल्या नाहीत. तशाच कोपऱ्यातल्या संगमरवरी टेबलापाशी गेल्या. खुर्च्या दोन. एकीसमोर गोल पुठ्ठा, त्यावर काळ्या बिअरचा भरलेला ग्लास, फेस अजून खाली बसला नव्हता, आणि शेजारी तुला आवडायचे ते शेंगदाणे.

"हे काय हाये?"

मी म्हटलं, "कोला, काकू. तिला आवडायचा." माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. आंटीने तर बजावून सांगितलं होतं आज खोटं चालत नाही म्हणून.

काकू ग्लासावर जराशा वाकल्या. सरळ झाल्या. "पोरी," म्हणाल्या, "अख्खा जलम मी या वासाच्या मागं फिरली. मले नको शिकवू."

 आंटी काउंटरमागे हातातलं फडकं धरून उभी. मी ग्लास आणि काकूंचे हात यांमधलं अंतर बघत होते. खरं सांगते, प्रज्ञा, मी माझा एक पाय पुढे टाकून ठेवला होता, ग्लास पडलाच तर मध्ये यावा म्हणून.

काकूंनी ग्लासला हात लावला नाही. तुझ्या समोरच्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या खुर्चीवर, बसल्या. आणि विचारलं, "लय पेत होती काय?"

"नाही. एकच घ्यायची. शनिवारी. आणि त्यामुळे तिला काही झालं असं नाही, काकू. डॉक्टरांनी सांगितलंय, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि पिऊन कधी..." मी बोलतच सुटले. माझं तसंच होतं, तुला माहीत आहे. काकूंनी हात वर करून मला थांबवलं.

"मले भेत होती काय थे?"

तू असतीस तर काय म्हणाली असतीस? मी भराभर शोधलं. भीत नव्हती, मान ठेवत होती. भीत नव्हती, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. अशी चार मऊ उत्तरं तयार होती आणि ती देण्यात मी पटाईत आहे. पण त्या बाईंनी आल्यापासून पहिल्यांदा खरं काय ते विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. "भीत होती. पण सांगणार होती. तुम्हाला इथे आणून, इथेच बसवून सांगणार होती."

काकूंनी मान हलवली.  मग माझ्याशी नाही, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलायला लागल्या. "तिचा बाप पिऊन आला की मी कडी लावून घेत होती. पावसात बाहीर राहिला तरी घेतला नाई. तसाच एका दिवशी गेला. हे दाराआडून पाहे. इवलीशी होती. मले वाटे, पोरगी शिकून राह्यली, चांगलं शिकून राह्यली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "हे शिकली का थे? की पेलं की आई दार लावून घेते?"

मग त्या रडल्या. आमच्या ईराला दिसलं नाही, विमानतळावर कुणाला दिसलं नाही, दाहिनीपाशी मला दिसलं नाही, ते रडणं त्या पबमध्ये आलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मलाही आवरेना. मी तुला मनातल्या मनात शिव्या देत होते. एक फोन, प्रज्ञा. एका फोनचं काम होतं. त्या रागावल्या असत्या, महिनाभर बोलल्या नसत्या, मग म्हणाल्या असत्या, जेवली काय? मी तुझ्याशी भांडले तेव्हा मीच बरोबर होते. आणि आज बरोबर असण्याचा मला काडीचा उपयोग नाही.

लिम आंटी चहा घेऊन आली. त्या पबमध्ये चहा मिळत नाही. शेजारच्या हॉकरकडून आणला असणार. कप ठेवला आणि काकूंना सांगायला लागली, सातवा दिवस, तुमची मुलगी येणार, गुड गर्ल, नेव्हर मेक नॉइज, माझ्या फरशीचे फोटो काढायची. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. काकूंनी चहा घेतला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिले सांग, आपल्यात असं नसते. आत्मा-बित्मा काई नसते. मेलं माणूस वापस येत नाई. बाबासाहेबांनी आमच्या डोक्यातून थे काढून टाकलं."

मी आंटीला म्हटलं, "शी सेज थँक यू." आंटीने माझ्याकडे असं बघितलं, जणू तिला सगळं कळलं होतं.

मी पर्स उचलली. म्हटलं, चला काकू, आता गर्दी होईल. ऑफिसं सुटतात, मग इथे फार आवाज असतो, तुम्हाला त्रास होईल. घरी वरण-भात लावते. काकूंनी विचारलं, "हे ग्लास किती वेळ ठेवते?"

"गर्दी होईपर्यंत."

"मंग बसते मी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ज्या बाईने अर्धं आयुष्य दारूच्या अड्ड्यातून माणसं उठवली, ती अड्ड्यात बसते म्हणत होती. पण त्या बसल्या. पाठ ताठ, पदर सारखा केलेला, दोन्ही हात मांडीवर. मी दुसऱ्या टेबलावरची खुर्ची ओढून शेजारी बसले.  फेस हळूहळू विरला. पंखा फिरत होता. मला आता कुठे लक्षात आलं की इतक्या शनिवारांत मी कधी ती फरशी नीट बघितलीच नव्हती. मी दाराकडे बघत बसायचे, कोणी ओळखीचं येतंय का म्हणून. फुलांच्या मध्ये एक बारीक तांबडा ठिपका आहे. तो तू मला नक्की दाखवला असणार.

मग गर्दी आली. टाय सैल केलेली माणसं, हसणाऱ्या मुली, काउंटरला टेकलेल्या कोपरांची रांग. आंटी आमच्या टेबलाकडे बघत होती, पण उठा म्हणत नव्हती. लोक उभ्याने पीत होते. मला एकेकाच्या नजरेची काळजी. पांढऱ्या पातळातली म्हातारी, समोर भरलेला ग्लास, आणि एक जागा रिकामी. आता कोणी काही बोलणार, आता कोणी हसणार.

एक तरुण आला, हातात ग्लास, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. नम्रपणे वाकून त्याने तुझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि काकूंना विचारलं, "आंटी, दिस वन गॉट पीपल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधी काकूंनी हात लांब करून तळवा तुझ्या खुर्चीवर ठेवला. घट्ट.

"हो," म्हणाल्या. "माही पोरगी बसली हाये तिथं."

तो सॉरी म्हणाला आणि मागे सरला. मी काही भाषांतर केलं नाही.